सोळावी खाट

धर्मशाळेचं दार दुपारी दोनला उघडायचं होतं आणि साडेबारालाच दारासमोर चौदा पिशव्या रांगेत बसल्या होत्या. या वाटेवर तशीच पद्धत आहे. माणसं झाडाखाली लोळतात, पिशव्या रांग धरतात. मी माझी पंधरावी ठेवली आणि तिला चिकटून माईंची सोळावी. खाटा सोळाच. पुढची धर्मशाळा अकरा किलोमीटरवर, आणि माईंचा उजवा गुडघा सकाळपासून संपावर गेलेला. म्हणून दोन्ही पिशव्या पाठीवर टाकून मी पुढे पळत आले होते. त्या मागून काठी टेकत येत होत्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. म्हणजे, होत्या. गेल्या महिन्यात कोर्टाने माझा आणि त्यांच्या मुलाचा घटस्फोट मंजूर केला. तो दुसऱ्या शहरात, दुसरीबरोबर राहायला गेला. माईंना ही यात्रा पायी करायची होती अकरा वर्षांपासून, आणि त्यांच्या लेकाला अकरा वर्षं सुट्टी मिळत नव्हती. "मी नेते," असं मी लग्न मोडायच्या आधीच बोलून बसले होते. तापट आहे मी, पण शब्द फिरवणारी नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. हे बारा दिवस संपले की माईंकडे जायला मला काही कारणच उरणार नव्हतं. नवरा गेला तेव्हा आलं नव्हतं एवढं रडू मला या विचाराने येत होतं.

आमच्यामागे एक निवृत्त पोस्टमन येऊन बसले. सतरावे. सगळी नोकरी पायांवर काढलेला माणूस, आणि नव्या बुटांनी त्यांचा घात केला होता. टाचांवरचे फोड बघवत नव्हते. "कुणी गळलंच तर बघू," ते हसून म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं.

दार उघडलं. धर्मशाळा चालवणाऱ्या बाई पूर्वी एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. ते कुणी सांगायची गरज नव्हती, चादरींचे कोपरे बघूनच कळत होतं.

"सोळावी कुणाची?"

"मागून येतायत. गुडघा दुखतोय त्यांचा."

"खाट घरच्याच माणसासाठी धरता येते. मैत्रिणीबित्रिणी चालत नाहीत. मागे एकाने अख्ख्या ऑफिससाठी धरल्या होत्या. तुमच्या कोण त्या?"

मी एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना "श्वास रोखा" म्हणून सांगते. त्या वेळी माझाच रोखला गेला. सासू म्हणावं तर खोटं, कुणी नाही म्हणावं तर खाट जाते. खोटंच बोलायचं तर चांगलं भरभक्कम बोलावं, म्हणून मी म्हणाले, "आई. सख्खी."

"चारपर्यंत थांबेन. आल्या की त्यांनाही विचारणार. उत्तर जुळलं नाही तर खाट पुढच्याला." मेट्रनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि त्यांना पढवायला रस्त्यावर जायचं नाही. आत बटाटे पडलेत, सोलायला बसा."

बसले. दोन बादल्या बटाटे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसत होतं, आणि माझे डोळे तिकडेच. बटाट्यांबरोबर अंगठ्याचीही साल निघाली.

पावणेचारला माई वळणावर दिसल्या. चार पावलं चालायच्या, थांबायच्या, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहायच्या. मला पळत जाऊन त्यांना धरावंसं वाटत होतं, पण दारात मेट्रनबाई उभ्या.

त्यांनी माईंना खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला, आणि तो रिकामा व्हायच्या आत विचारलं, "आत बटाटे सोलतेय ती तुमची कोण?"

माईंनी तोंड पुसलं. "सून."

आत माझी सुरी बटाट्यातच थांबली.

"ती तर म्हणते, तुम्ही तिच्या सख्ख्या आई."

"खोटं कशाला बोललीस गं?" माई तिथूनच ओरडल्या. भर लोकांत.

झालं, माझं डोकं फिरलं. सुरी हातात घेऊनच मी बाहेर आले. "आणि तुम्ही काय खरं बोललात? सून कुठेय मी आता? महिना झाला कोर्टाचा कागद येऊन! तुमची कुणी नाही मी!"

खाटांवरची माणसं उठून बसली. बोलून गेल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माईंनी पेला हळूच खाली ठेवला. "त्या कागदावर सह्या कुणाच्या आहेत?"

"त्याची. आणि माझी."

"माझी आहे?"

"नाही."

"मला कुणी विचारलं होतं?"

"नाही, माई."

"मग? त्याने बायको सोडली, तू नवरा सोडलास. ते तुमचं तुम्ही बघा. मी माझी सून सोडलेली नाही. आणि ती सुरी ठेव आधी खाली, लोक घाबरलेत."

ठेवली. समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

मेट्रनबाईंनी नाक शिंकरलं. "ते सगळं ठीक आहे. पण उत्तरं जुळली नाहीत. नियम तो नियम." आणि त्यांनी पोस्टमनकाकांना आत बोलावलं. ते बिचारे "मला नको, यांनाच द्या" म्हणत मागे सरकायला लागले, तर माईच त्यांच्यावर डाफरल्या. "पाय बघा आधी आपले! आमची सून खोटं बोलली, त्यात तुमचा काय दोष? आडवे व्हा मुकाट्याने."

"माझी खाट माईंना द्या," मी म्हणाले. "मी जाते पुढच्या गावाला."

"एकटीच? काही जायचं नाही." मेट्रनबाईंनी कपाटातून जास्तीची उशी काढून माझ्या हातात कोंबली. "एका खाटेवर दोघं चालत नाहीत इथे. घरची माणसं असली तर माझी हरकत नसते."

पंधरावी खाट जेमतेम अडीच फुटांची. माई भिंतीला टेकून, मी त्यांच्या पायांशी. खिडकीत अजून ऊन होतं. त्यांचा सुजलेला गुडघा मांडीवर घेऊन मी मलम चोळत होते. आज सातवा दिवस. उरले पाच. माईंनी डोळे मिटले होते, मला वाटलं डुलकी लागली.

"हे घे," त्या म्हणाल्या. कमरेच्या बटव्यातून त्यांनी एक किल्ली काढली. त्यांच्या घराची. घर सोडताना मी ती चपलांच्या कपाटावर ठेवून गेले होते.

"पहिल्या दिवसापासून घेऊन फिरतेय. द्यायचा धीर होत नव्हता. म्हटलं, घेतली नाहीस तर काय करू?"

मी घेतली, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. शेजारच्या खाटेवरून पोस्टमनकाका घाबरून उठले. "काय झालं हो? डॉक्टर बोलवू का?"

"काही नाही हो," माई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "आमचं घरचं आहे. तुम्ही झोपा."