पाकिटावरचा सूर्य

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला कोणी सांगायला नको. वर्गातली मुलं मला माझ्या मागे ‘लवंगी’ म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडत होतं. सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई आठवड्यातून दोन दुपारी कॉलेजात उजळणी घेते, तिने गोड कशाला बोलायचं? गोड ऐकून कोणी परीक्षेत पास होत नाही.

उजळणी म्हणजे नेहमीचे आजार आणि त्यांची नेहमीची औषधं. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड, सांधेदुखी. पुस्तकातून हे सगळेच शिकवतात. गुरुवारचा तास मात्र माझा स्वतःचा, पिशवीचा. एकेकाने पाळीपाळीने ओळखीच्या माणसाची औषधांची पिशवी आणायची, पेशंटचं नाव आणि दुकानाचा शिक्का कात्रीने कापून टाकायचा आणि सगळं टेबलावर ओतायचं. वर्गाने गोळ्या बघून आजार ओळखायचा आणि मग चूक शोधायची. चूक असतेच. ती का झाली असेल तेही सांगायचं. त्यावर कोणी ‘दुकानात गर्दी असेल, मॅडम’ म्हणालं की मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवायची. गर्दी हे कारण माझ्या तासाला चालत नव्हतं.

त्या गुरुवारी पाळी होती शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची. वर्षभरात तिच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नव्हती, म्हणून तिचं नाव मी मौनीबाबा ठेवलं होतं. तिने कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. गोळ्यांच्या चार पट्ट्या निघाल्या आणि कागदाचं एक पाकीट, तेही पालथं पडलेलं. पेशंट बाई आहे, साठीची, आणि दीड महिन्यापूर्वी पडून तिचं उजवं मनगट मोडलंय, एवढं तिने खाली बघत सांगितलं.

वर्ग कामाला लागला. एक पट्टी रक्तदाबाची, पाच मिलिग्रॅमची. दुसरी पाय सुजतात म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी. तिसरी दुखण्यावरची, मनगटासाठी. चौथीशी मात्र सगळे अडले. तिच्यावर कंपनी वेगळी होती, रंग वेगळा होता, म्हणून मुलं नवा आजार शोधायला लागली. मी त्यांना पाच मिनिटं चाचपडू दिलं. मग खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचायला सांगितलं. पहिल्या पट्टीवर होतं तेच नाव, तेवढेच मिलिग्रॅम.

असा धागा सापडला की मला चेव येतो. मी फळ्यावर बाण काढत गेले. बाई रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांची म्हणून दोनदा घेतेय. या औषधाचा डोस वाढला की पाय सुजू शकतात. सूज बघून कोणीतरी तिला पाणी काढायची गोळी दिली. आधीच दाब खाली गेलेला, त्यात ही गोळी, मग उठताना भोवळ येणारच. भोवळ आली, ती पडली, मनगट मोडलं. मनगटासाठी दुखण्याची गोळी आली, ती आता मूत्रपिंडाला त्रास द्यायला मोकळी. चार पट्ट्या, आणि सगळ्याचं मूळ एका काउंटरवर.

“ज्याने ही दुसरी पट्टी देताना ‘जुनी बंद करा’ एवढे तीन शब्द उच्चारले नाहीत,” मी म्हणाले, “त्याला काउंटरवरून उतरवून गोदामात खोकी उचलायला लावलं पाहिजे. आणि ही बाई तरी काय? दोन्हींवर एकच नाव छापलंय. डोळे आहेत की बटणं?”

वर्ग खदखदून हसला. मौनीबाबा हसली नाही, पण ती तशी कधीच हसत नसे. मी हसत हसतच ते पाकीट उचललं आणि सुलटं केलं.

त्यावर निळ्या पेनने सूर्य काढलेला होता. सात किरणं, दोन डोळे, हसरं तोंड. ज्यांना वाचायचा कंटाळा असतो किंवा वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी मी सकाळच्या गोळीला सूर्य काढते आणि रात्रीच्या गोळीला चंद्र. सूर्याला हसरं तोंड काढणारं दुसरं कोणी निदान मी तरी पाहिलेलं नाही. दुकानाचा शिक्का मुलीने माझ्याच नियमाप्रमाणे इमानेइतबारे कापला होता.

पेशंट अजून दोन्ही गोळ्या घेतेय का, हे विचारण्याइतकी शुद्ध मला राहिली, हेच नशीब. आज सकाळीही घेतल्या, असं ती म्हणाली. उद्यापासून एकच द्यायची, आणि आजच्या आज सगळी पिशवी डॉक्टरांना दाखवायची, असं मी तिला दोनदा बजावलं. पेशंट तुझी कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, आत्या. आईवडिलांमागे आत्यानेच तिला वाढवलं होतं, पडदे शिवून. मग मी तास दहा मिनिटं आधीच संपवला. पट्ट्या पिशवीत भरून तिच्या हातात दिल्या. पाकीट तेवढं माझ्या कोटाच्या खिशात गेलं. ते मी चोरलं. त्याला दुसरा शब्द नाही.

त्या आत्याला मी ओळखत होते. उंच बाई, गळ्यात कायम माप घ्यायची टेप. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीचा पडदा तिनेच शिवलेला. मी कॉलेजात शिकवते हे तिला ठाऊक होतं, माझं दुकान कोणतं ते वर्गात मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तिची नेहमीची कंपनी दुकानात संपली होती आणि मी दुसरी दिली होती. पुढच्या महिन्यात ती दोन्हींच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन आली आणि मी न बघता दोन्ही दिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की गोळी तर थांबली, आता उगाच कशाला उकरायचं. शनिवारी संध्याकाळी मात्र पाय आपोआप तिच्या घराकडे वळले. मुलगी शिकवणीला गेली होती. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती आणि आत्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. डॉक्टरांनी दोन गोळ्या बंद केल्या होत्या, पायाची सूज थोडी उतरली होती. मनगट पूर्वीसारखं वळेल की नाही, हे मात्र प्लॅस्टर निघाल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. तोवर घेतलेली सगळी कामं तिने दुसऱ्या शिवणाऱ्यांना देऊन टाकली होती.

“पोर त्या दिवशी रडत आली,” आत्या म्हणाली. “वर्ग हसला म्हणे माझ्या पिशवीला. मी तिला म्हटलं, हसू दे की. माझे डोळे बटणंच आहेत, जन्मभर लोकांची बटणंच तर लावली.”

ती स्वतःच हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने सांगून टाकलं की ती पट्टी माझ्या दुकानातली होती, माझ्याच हातची.

“माहीत आहे मला. तो सूर्य तुमचाच ना,” ती शांतपणे म्हणाली. “पोरीला नाही बोलले. तिचे मार्क तुमच्या हातात, उगाच तिच्या मनात अढी नको. आणि तुम्ही तरी काय करणार मॅडम, दुकानात गर्दी असेल तेव्हा.”

“हो,” मी म्हणाले. “गर्दी होती.”

डाव्या हाताने तिने मला पाणी दिलं. ते मी प्यायले आणि उठले. जिना उतरताना माझ्या मनात एकच होतं, की सुटले. चूक झाली त्या दिवशीची लाज मला कधीतरी विसरता येईल. ‘सुटले’ वाटलं, त्याची लाज जाईल असं वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी पाळी दुसऱ्या कोणाची तरी होती. मी त्याला बसवलं. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं, सूर्य वर करून, मागच्या वेळचे बाण फळ्यावर पुन्हा काढले आणि मौनीबाबाला पुढे बोलावलं. मागच्या आठवड्यातली पिशवी अर्धीच झालीय, चूक का झाली ते राहिलंय, असं म्हटलं. हे पाकीट त्याच पिशवीतलं, मी लपवलेलं, आणि गोळी देणारा माणूस आज समोर उभा आहे, तर त्याला विचार, असंही सांगितलं. तिने आधी पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही रडेल, पण ती रडली नाही.

“जुनी बंद करा, असं सांगितलं होतं?”

“नाही.”

“का नाही?”

मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच, माझी कीव येऊन असेल, म्हणालं, “गर्दी असेल, मॅडम.”

“गर्दी नव्हती,” मी मौनीबाबाकडे बघत म्हणाले. “दुकानात तुझी आत्या एकटीच होती. नवीन गोळी कशाची, असं तिने विचारलंही होतं. मला वाटलं, हिला काय समजावत बसायचं, हिला काय कळणार. म्हणून सूर्य काढून दिला.”

कोणी हसलं नाही. मुलीने खडू उचलला. फळ्यावर बाणांच्या सुरुवातीला जागा मोकळी असते, तिथे आम्ही कारण लिहितो. तिथे तिने माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, हिला काय कळणार, आणि खडू जागेवर ठेवला.

“हे आत्याला मी सांगू,” तिने विचारलं, “की तुम्ही सांगाल?”

मी सांगेन म्हणाले. आजच. तिने मान हलवली आणि ती जागेवर जाऊन बसली. तास संपेपर्यंत मी उभीच राहिले.