भोंग्याची पट्टी

तुम्ही माझ्या मावशीचा आवाज दुरुस्त केलात. तिला न विचारता, ती जिवंत असताना! चोरला असतात तर बरं झालं असतं. चोर निदान वस्तू आहे तशी ठेवतो. आणि वर त्याचं उद्घाटन ठेवून आम्हालाच पहिल्या रांगेत बसवलंत.

मी या गल्लीत बोर्ड रंगवायचो. सगळ्या हॉलांची नावं माझ्या हातची. तेव्हा ही गल्ली काय होती ते मला तुमच्या माहितीपत्रकातून शिकायचं नाही. 'येथे सायंकाळी सुसंस्कृत संगीताच्या मैफली होत असत,' म्हणे. सुसंस्कृत! अहो, इथे दारू मिळायची, नाच व्हायचे, बायकोशी भांडून आलेले बाप्ये टेबलावर डोकं टेकून रडायचे, आणि त्या गोंगाटातून मावशी गाणं वर काढायची. रडणारा डोकं उचलायचा, वेटर ट्रे धरून जागच्या जागी थांबायचा. याची आम्हाला लाज नाही. तुम्हाला का वाटावी?

एका हॉलमध्ये गाऊन झालं की मावशी मागच्या दाराने शेजारच्यात शिरायची, तिथून पुढच्यात. वादक प्रत्येक ठिकाणी वेगळे. ती आल्यावर वाद्यं जुळवत बसायला सवड कुणाला? गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जायचं. म्हणून गल्लीने आपली सोय आपणच केली. कोपऱ्यावर बर्फाचा कारखाना होता. संध्याकाळी पाळी सुटली की त्याचा भोंगा व्हायचा, आणि तो वाजत असतानाच सगळ्या हॉलांतले वादक आपापली वाद्यं त्याच्याशी जुळवून घ्यायचे. भोंगा जगाच्या पट्टीपेक्षा जरासा चढा होता. असेना का! गल्लीही चढली. गिटारच्या तारा पिळून वर नेता येतात. ट्रम्पेटची नळी मात्र पूर्ण आत ढकलली तरी पुरायची नाही, म्हणून ती कापून आखूड करून घ्यावी लागे. बाहेरचा कुणी ऐटीत वाजवायला आला आणि बेसूर झाला की आख्खा हॉल ओरडायचा, "आधी नळी काप, मग बोल!"

कारखाना बंद पडला, मग एकेक करून हॉल बंद पडले. मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ती बोलते तेसुद्धा लाकडावर पॉलिशपेपर घासल्यासारखं. उरल्या होत्या फक्त टेपा, हॉलमध्येच भरलेल्या, गोंगाटासकट. तिच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत असायच्या. तुमच्या वारसा खात्याचे साहेब घरी आले, गोड बोलले. "मावशी, गल्लीचा इतिहास जपायचाय." तिने स्वतः वाकून पेटी बाहेर ओढली आणि दिली. मी म्हटलं, "अगं, पोचपावती तरी घे." तर मलाच दटावते, "गप रे. चांगल्या घरचा माणूस दिसतोय."

उद्घाटन झालं सर्वांत मोठ्या हॉलमध्ये. त्याला आता 'स्मृतिदालन' म्हणायचं. साहेबांची कल्पना अशी, की मावशीची टेप लावायची आणि तिच्या जोडीला फुंकरमामांनी समोर बसून ट्रम्पेट वाजवायचं. फुंकरमामा मावशीचे जन्माचे साथीदार, तिच्याबरोबर हॉलाहॉलांतून फिरणारे एकटेच वादक. दोघांचं लग्न झालं नाही, पण नवराबायको भांडत नसतील इतकी दोघं भांडली.

टेप लागली. धुतल्यासारखी स्वच्छ. ग्लासांची किणकिण नाही, टाळी नाही, काही नाही. मामांनी ट्रम्पेट ओठाला लावलं, फुंकलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. बेसूर! मामांनी थांबून ओठ पुसले, पुन्हा फुंकलं. आणखी वाईट. पाहुण्यांच्या खुर्च्यांतून कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब पुढे वाकून म्हणाले, "असू द्या मामा. वय झालं आता. नुसते बसा."

मामांचे कान लालभडक झाले. आयुष्यात त्यांना कुणी 'नुसते बसा' म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात मावशी उठली. "तो बरोबर वाजवतोय. चुकतेय ती बाई. कोण आहे ती?"

"अहो मावशी, तुम्हीच!"

"मी? मी अशी जडावलेली कधी गायले? ही तर जेवून झोपायला निघालीय."

तुमच्या यंत्रावर बसलेल्या बाईंनी मग खरं सांगितलं. सगळ्या टेपा वरच्या पट्टीत निघाल्या, तेव्हा भरताना काही बिघाड झाला असणार असं धरून त्यांनी वेग कमी केला आणि सगळं प्रमाण पट्टीवर आणलं. हॉलचा पियानोही त्याच पट्टीत लावून घेतला.

"बिघाड नाही हो, तो आमचा भोंगा," मावशी म्हणाली.

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "जुन्या माणसांच्या आठवणी असतात. पण भोंगा काय, कारखाना काय, आज काहीच शिल्लक नाही. पुरावा कुठून आणणार?"

मावशी साहेबांकडे पाठ करून गल्लीच्या लोकांकडे वळली. "पोरांनो, भोंगा द्या."

पोरं म्हणजे सगळी सत्तरीच्या पुढची. मागून ड्रमवाल्याने तोंड मिटून एक सूर धरला. त्याच्यात दारावरचा पैलवान मिसळला, मग तिकिटं फाडणारा, मग हॉल झाडणाऱ्या दोघी जावा. कुणी चाचपडलं नाही. भोंगा बंद पडून जमाना झाला, तरी सगळे एकाच जागी उतरले. मी जन्मात वाद्याला हात लावला नाही, पण माझ्याही छातीतून तोच सूर निघाला, आणि खुर्चीची दांडी हाताखाली थरथरायला लागली.

अकॉर्डियनवाल्या काकूंनी मांडीवरचा भाता उघडला. अकॉर्डियनच्या आत पोलादी जिभा असतात, त्या कानशीने घासून सूर बसवतात. काकूंनी तो भोंग्यावर बसवून घेतलेला. तो तारेसारखा पिळून बदलता येत नाही. आणि ते काकूंच्या घरी असल्यामुळे तुमच्या दुरुस्तीतून वाचलं होतं. काकूंनी एकच पट्टी दाबली. तोच सूर! वरून मामांचं कापलेल्या नळीचं ट्रम्पेट आलं आणि त्याच सुरावर असं जाऊन बसलं, की मघाशी हसलेला पाहुणा उठून उभा राहिला. मग त्यांनी मावशीचं गाणं वाजवलं, तिच्या मूळ लयीत, झपाट्याने. मावशी गाऊ शकत नव्हती. ती ताठ उभी राहून ठेका देत होती आणि गल्ली तिच्यासाठी गात होती. त्या क्षणी मला वाटलं, जगाचीच पट्टी उतरलेली आहे.

गाणं संपल्यावर मामा साहेबांना म्हणाले, "नळी कापून या. मग बोलू."

तुमच्या बाई मात्र सरळ मनाच्या. पुढे येऊन म्हणाल्या, "चूक माझी. वेग मी परत वाढवीन. पण गोंगाट पुसताना मावशींचे श्वाससुद्धा पुसले गेलेत, ते या प्रतीतून परत येणार नाहीत. मूळ टेपा लागतील." आणि त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे स्वच्छ प्रत तयार झाली की मूळ माल निकालात काढतात."

"काढला?" मावशीने विचारलं.

"बघून सांगतो."

तेव्हापासून साहेब बघतायत. आम्ही कचेरीत गेलो की ते मीटिंगमध्ये असतात. मीटिंग संपली की दौऱ्यावर असतात. तुमचं दालन, तुमची उद्घाटनाची फीत, तुमचं माहितीपत्रक तुम्हालाच लखलाभ. आमची गल्ली काय होती ते आम्ही त्या दिवशी भर हॉलमध्ये वाजवून दाखवलंय, त्याला तुमच्या शिक्क्याची गरज नाही. पण तिचे श्वास आम्हाला वाजवता येत नाहीत. ते त्या टेपांवर आहेत, आणि टेपा तुमच्याकडे आहेत.

आहेत, की जाळल्यात? तिच्या दारात या, आणि तिच्या तोंडावर सांगा.