सतरा दिवस

सैनिक कल्याण कार्यालयात ताराचंद सुभेदारांनी फौजेचं डिस्चार्ज बुक आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवलं.

"इथं सत्तावीस डिसेंबर, इथं दहा. हवालदार, एकच पोरगी दोनदा जन्मली का गा?"

जितेंद्र मेश्राम हसला नाही. माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीची मुदत परवा संपत होती. निवृत्तीनंतर त्याने खापरखेड्याच्या वीज केंद्रावर पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. पेन्शन आणि तो पगार मिळून घरखर्च निघे, गोपिकाच्या नर्सिंग कॉलेजची फी निघत नसे. शिष्यवृत्ती हुकली तर पहिलं वर्ष अर्ध्यावर सुटणार, हे बापलेकींना सांगायला नको होतं.

"रेकॉर्डले तारीख कोणं सांगितली?"

"मीच."

"मग चुकली कशी?"

जितेंद्रने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बर्फातली चौकी होती, सुभेदारसाहेब. हेलिकॉप्टर येणं बंद. घरची चिठ्ठी सत्तावीसले हातात पडली. साहेबानं तिथंच फॉर्म भरायले घेतला. पोरगी कधी झाली, म्हणे. मी म्हणलो, आजच."

शेजारी बसलेल्या गोपिकाने मान वर केली. बाबा फौजेत असताना तिच्या वाढदिवसाचा त्यांचा फोन दरवर्षी सतरा दिवस उशिरा यायचा. आईने कितीदा बजावलं, तरी उशिराच. आठवीत असताना तर तिने तो घेतलाच नव्हता. "माह्या बापाले माहा वाढदिवसही आठवत नाही," असं ती मैत्रिणींना सांगत फिरली होती.

सुभेदारांनी छापील कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मुलीची जन्मतारीख चुकीची नोंदली गेली.' खाली सहीची जागा.

"असं कुठं झालं?" गोपिका म्हणाली. "खरं कारण लिहू ना."

"लिही. मंग त्याच्यावर चौकशी लागते, तीन महिने जाते. छापील कागद झटकन पास होते, बेटा."

"भर वं," जितेंद्र म्हणाला. "निष्काळजी तं निष्काळजी. बर्फाची गोष्ट सांगून फी माफ होते का?"

तिने रिकाम्या जागा भरल्या. नाव, हुद्दा, दोन्ही तारखा. अक्षर नेहमी वळणदार, आज मात्र ओळ सोडून खाली उतरत गेलं. जितेंद्रने कागद ओढून घेतला आणि न वाचता, हजेरीपटावर करावी तशी सही ठोकली.

बाहेर तिने स्कूटीला किल्ली लावली. जितेंद्र मागे बसला. गाडी जागची हलली नाही.

"बाबा, येत्या सत्तावीसले ड्यूटी बदलून घ्या. घरीच राहा."

मागे हेल्मेटचा पट्टा लावायला त्याला फार वेळ लागला. ती आरशात न बघता थांबून राहिली.