साहेबांची खुर्ची तलावात

मी खुर्ची बोलतेय. मंत्रालयातली नव्हे हो, मच्छीमार संस्थेची! आंधळगावच्या सुताराने मला सागात घडवलं, पाठीवर पांढरा टॉवेल आला आणि मी साहेबांची खुर्ची झाले. एरवी माझ्यावर बसायची कुणाला मुभा नव्हती, म्हणून माझं नाक जरा वरच असायचं.

पण आमच्या तलावातले गावठी मासे दिसेनासे झाले. संस्थेच्या अध्यक्ष मंदाबाई बाजारातून लवकर परतू लागल्या. विकायला मासा तर हवा! सगळे म्हणाले, तज्ज्ञ आणा.

पहिले तज्ज्ञ आले. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं, पोहे. आभार मानताना कळलं, साहेब धानावरच्या किडीचे! दुसरे खरंच पाण्याचे होते, पण सत्कार आटोपेपर्यंत अंधार पडला आणि तलाव पाहायचाच राहिला. पाहुण्याला मान द्यायचा तर पोटभर, ही आमच्याकडची रीत. मलाही ती फार आवडायची.

मग नागपूरहून पाणवनस्पतींच्या जाणकार डॉ. रक्षा आल्या. मंदाबाईंचे यजमान तुलाराम शाल घेऊन पुढे झाले, तोच मंदाबाईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"मॅडम, सत्कार मंग करू. पयले तलाव पाहा. आमचे मासे काहून सरून राहिले, थे सांगा."

मॅडम खळखळून हसल्या आणि थेट पाण्यात उतरल्या. पण गुडघे कुरकुरू लागले. "ती खुर्ची इथेच आणता का?"

तुलारामांनी मला डोक्यावरून नेलं आणि चिखलात रोवलं. टॉवेल काठावरच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

माझ्यावर बसून मॅडम तळ चाचपत राहिल्या. हाती नुसता चिखल. "इथलं पाण्यातलं गवत कुठे गेलं?"

तुलाराम मान खाजवत म्हणाले, "गवत खानारा मोठा मासा सोडला होता ना आमी. लवकर वाढते म्हनून."

"अहो, मग तुमचे मासे अंडी कुठे घालतील? गवत म्हणजे त्यांचं बाळंतपणाचं घर."

मंदाबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या. दुसऱ्याच दिवशी जाळी पडली, ते खादाड मासे बाजारात गेले. शेजारच्या तलावातून बायांनी गवत आणून माझ्याभोवती लावलं. खूण म्हणून मला तिथंच ठेवलं. आधी मी रुसले, मग गार पाण्याची सवय झाली.

परवा मंदाबाई गवत पाहायला वाकल्या आणि ओरडल्याच, "अवो, इकडे या! खुर्चीच्या पायाले अंडे चिकटले!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले असते.

तेव्हा बाबांनो, उद्या कितीही मोठे साहेब आले तरी त्यांना सतरंजीवर बसवा. पिल्लं पोहून जाईपर्यंत मला हलवू नका.