शिळी रांगोळी

“छान आहे ताई. पण हे मी पाहिलंय.”

मेघा मॅडम हे इतक्या हळू म्हणायच्या, की दीपमालाला राग यायचा तो स्वतःचाच. सोमवारी तिनं मोर काढला, मंगळवारी पोपटांची जोडी, बुधवारी कमळांचं तळं. प्रत्येकावर तेच. पाहिलंय.

गारखेड्यातल्या त्या हॉलमध्ये पैठणीच्या पदरांची नक्षी ठरायची. ठरलेली नक्षी सुदर्शन मास्तर चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजून उतरवायचे, मग ती मागावर जायची. बिडकीनच्या देवळापुढं दीपमालानं काढलेली रांगोळी बघून मॅडमनी तिला बोलावलं होतं. “आठवडाभर या. एक नवा पदर द्या, मग कायमच्या इथल्याच.” नाही जमलं तर कंपनीतली खोकी भरणं होतंच. तिथं कुणी कधी विचारलं नव्हतं, तुला काय काढावंसं वाटतं म्हणून. इथं रोज विचारत होते, आणि ती मोर-पोपटच काढत होती.

“बाई, पेन्सिल धरलीय का इंचू?” मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले.

“कागदावर हातच चालंना मास्तर. खाली काढू का, रांगोळीनं?”

“काढा की. फरशी लई हाय.”

गुरुवारी दुपारी ती काळ्या फरशीवर मांडी घालून बसली आणि डोळे मिटले. पहाटे तुळशीपाशी काढलेली तेहतीस गोपद्मं अजून बोटांत होती. चातुर्मासाचा नेम होता तिचा, लग्नापासूनचा. गाईची ती पावलं मिटल्या डोळ्यांपुढं हलली, आणि हळूहळू मेंढरांची झाली. ती सात वर्षांची होती. बापाची, कडुबाची मेंढरं ओल्या काळ्या रानातून गेली होती. मागं खुरांचे ठसेच ठसे. प्रत्येकात पाणी झिरपलेलं, आणि प्रत्येक पाण्यात एक एवढुसं आभाळ. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून ती उड्या मारत चालली होती.

“दीपे, चल की बिगीबिगी!” बाप पुढून हाका मारत होता. “आभाळ फुटतंय व्हय तुझ्या पायानं?”

तिनं मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. फरशीवर पदराएवढ्या रुंद पट्ट्यात पावलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वळत, रेंगाळत, लहान लहान होत गेली होती. प्रत्येकात एक निळा ठिपका.

मास्तरांनी चष्मा काढला. मेघा मॅडम ओढणी सावरत काठाशी उकिडव्या बसल्या.

“हे मी नाही पाहिलेलं,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळच्या उजेडात शिडी लावून नीट फोटो काढू.”

शुक्रवारी बिडकीनहून येताना बसमध्ये तिचा डोळा लागला. गाडी रस्त्यावरून नाही, त्या पावलांतूनच चालली आहे असं तिला वाटत राहिलं. हॉलचं कुलूप तिनंच उघडलं. ओठांत देवाचं नाव होतं. झाडू घेतला, कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, हात धुतले आणि रांगोळीची चिमूट घेऊन खाली बसली.

समोर काळी, स्वच्छ फरशी होती.

चिमूट बोटांतच राहिली.

मॅडम आल्या. दारातच थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ताई... झाडलंत?”

“शिळी ठेवत नसत्यात मॅडम,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकवेना.

“अवो बाई!” मागून आलेले मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, “घरातलं जाजम शिळं झालं म्हणून रोज जाळता का तुम्ही?” मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी तिच्यापुढं धरला. “काल घरी दाखवायला एक काढला व्हता. कोपराच आलाय. माझी चप्पल सोडून बघा.”

त्या कोपऱ्यात तेरा पावलं होती.

तेवढ्यावरून ती निघाली. सुरुवात हाताला आठवत होती, शेवटही आठवत होता. मधे कळप कुठं वळला, ते काही केल्या येईना. डोळे मिटले की रान दिसायचं, पण ठसे नसलेलं. दुपारपर्यंत ती बसली. शेवटी तेवढी जागा तिनं कोरीच सोडली.

“इथं काय होतं?” मॅडमनी विचारलं.

“आठवत नाय. कमळं भरता येतील. पण ती तिथली नायत.”

मेघा मॅडमनी त्या काळ्या जागेभोवती एक फेरी मारली.

“राहू द्या मोकळं,” त्या म्हणाल्या. “मास्तर, शिडी लावा. आणि ताई, सोमवारी दहाला. उशीर नको.”

“मोकळी घरं मोजायला सोपी पडत्यात,” मास्तर शिडी चढता चढता पुटपुटले.

रविवारी पहाटे दीपमाला तुळशीपाशी आली. कालची तेहतीस गोपद्मं तशीच होती, एकही फिसकटलेलं नव्हतं. ती झाडू धरून उभी राहिली.

“काय गं, थांबलीस का?” आतून सासूनं, केसरबाईनं विचारलं.

“काय नाय, आत्याबाई.”

तिनं झाडलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सुपलीत जमलेल्या पांढऱ्या भुकटीकडं बघत राहिली. ती तुळशीच्या बुडाशी अलगद ओतली, पदराला हात पुसले, आणि नव्या पावलासाठी चिमूट उचलली.