चिवचिवाटावरचं गाणं

मी एक जुना रेडिओ आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर गाणी लागत नाहीत. निदान लागायला नकोत! क्रिकेटचा स्कोअरही नाही. हे सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

माझा जन्म चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. आकाशातले नैसर्गिक रेडिओ-तरंग ऐकायचे आणि पोटातल्या कॅसेटवर भरून घ्यायचे, हेच माझं काम. या तरंगांचा अभ्यास करणाऱ्या राघोत्तम सरांनी मला अंटार्क्टिकाच्या बर्फावर नेलं. तिथे एका पहाटे असा चिवचिवाट ऐकला म्हणून सांगू! आसपास पाखरू नाही, आणि आवाज मात्र भरल्या झाडाचा.

पृथ्वीभोवती प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन तिच्या चुंबकत्वात अडकून उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालत असतात. माझ्यात चिवचिवाटासारखे ऐकू येणारे हे तरंग त्यांना असे ढकलतात की त्यांची वाट वाकते, आणि ते वरच्या विरळ हवेत येऊन आदळतात. त्याच पहाटे एका उपग्रहाने इलेक्ट्रॉनांची मोठी सर खाली पडताना टिपली होती. सरांची विद्यार्थिनी संयुक्ता चेन्नईच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही जुळवून पाहणार होती. इलेक्ट्रॉनांची ती सर पडली तेव्हाच चिवचिवाट चढला, एवढं दाखवलं की तिचा प्रबंध पुरा!

आता कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा इवलासा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. सरांनी तो मोडला नाही. का? तर म्हणे, "चांगली कॅसेट आहे, पुढे उपयोगी पडेल." घ्या! आणि संयुक्ता रोज म्हणायची, "उद्या कॉम्प्युटरवर उतरवते." या 'उद्या'ला काय म्हणावं?

अशात आयुधपूजा आली. त्या दिवशी पक्कड-पान्यांनासुद्धा चंदन-कुंकू लावून सुट्टी देतात. मलाही कुंकू लागलं. म्हटलं, चला, एक दिवस तरी आराम. कसला आराम आणि कसलं काय! प्रयोगशाळा सांभाळणारे कृष्णस्वामीराव, तंजावरकडचे मराठी, आपल्या धनलक्ष्मीला सरस्वतीचं गाणं म्हणायला घेऊन आले. लेकीचा आवाज भरून ठेवायचा मोह त्यांना आवरेना. माझी कॅसेट त्यांनी क्षणभर ऐकली.

"अय्यो, नुसती चिमण्यांची कटकट! मशीन बिघडलंय," म्हणाले, माईक जोडला आणि दाबलं की बटण!

सगळ्या हत्यारांना सुट्टी, आणि मला एकट्याला जुंपलं. तेही माझाच चिवचिवाट माझ्याच हातून पुसायला! मला किती वाईट वाटलं, कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी संयुक्ताने कॅसेट लावली. गाणं ऐकून ती मटकन खाली बसली. "राव सार, हे काय केलंत? माझी तीन वर्षं होती हो यात!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रावांचा चेहरा उतरला.

"चिमण्या नव्हत्या त्या?" ते कसंबसं म्हणाले.

गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं आणि धनलक्ष्मी अडखळली. पुढचे शब्दच आठवेनात. रावांनी आदल्या दिवशी चिडून तिथेच बटण बंद केलं होतं. खट्ट! आणि पाठोपाठ माझा चिवचिवाट सुरू झाला. संयुक्ता धडपडत उठली. कॅसेट किती मिनिटं सरकली ते घड्याळात मोजलं आणि उपग्रहाच्या आलेखाशी ताडून पाहिलं. सुरुवात गेली होती, पण ती सर पडतानाचा चढता चिवचिवाट जसाच्या तसा होता.

"राव सार," ती डोळे पुसत हसली, "धनलक्ष्मीला माझ्याकडून वाटीभर पायसम. विसरली म्हणून वाचले मी!"

तिने तिथल्या तिथे सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. रावांनी कॅसेट मागून घेतली, नखाने तो तुकडा स्वतः मोडला आणि ती परत माझ्या पोटात ठेवली.

मित्रांनो, जपायचं ते आजच जपा. काटकसर जरूर करा, पण एवढ्याशा तुकड्यासाठी नको. आणि न कळणाऱ्या आवाजाला एकदम बिघाड म्हणू नका.

माझं म्हणाल तर आता पंचाईतच झाली आहे. येणारा-जाणारा अजून विचारतोच, "याच्यावर गाणी लागतात का हो?" आता खोटं कसं बोलू? एक लागतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत.