मिरच्यांनाही यमदूत

गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आपला शेवटचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं, अशी सोल्मे गावच्या म्हाताऱ्यांची समजूत. यंदा ते फोटो गावात आलेला मांत्रिक प्योबाबा काढत होता, आणि फोटोतून मरण वाचत होता.

"बघा, बघा!" त्याने बोंगसिम आजीचा फोटो उंच धरला. गाल राखेसारखे, ओठ विझलेले. "यमदूताने हात फिरवलाय! गोळ्या त्याला वाट दाखवतात. गोळ्या बंद, माझी पूजा सुरू. मग बघा रंग कसा चढतो!"

परवाच दॉक्सुनकाकूंच्या फोटोला पूजेनंतर असा रंग चढला होता, जणू राखेतून पहाट उगवावी. गर्दीने हात जोडले होते.

बोंगसिमची लेक ओक्रान शहरात चित्रकला शिकवायची. काल ती घरी आली, तर परवाचा चमत्कार पाहून आईने फेकलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या तिला कचऱ्यात सापडल्या, आणि आज सकाळी आई अंगणात भोवळ येऊन बसली होती.

"बाबा, काकूंचे पूजेआधीचा नि नंतरचा, दोन्ही फोटो वेगवेगळे काढलेले का?" ओक्रानने विचारलं.

"छे! फोटो एकच. तोच तर चमत्कार!"

ओक्रानने पिशवीतून एक छापील फोटो काढला. वाळत घातलेल्या मिरच्या, मळकट विटकरी.

"ई!" दॉक्सुनकाकू ओरडल्या. "असल्या मिरच्या मी फुकटही घेणार नाही."

ओक्रानने दुसरा दाखवला. लालबुंद, नुसता निखारा.

"ह्या घेईन! कुणाच्या गं?"

"त्याच त्या, आईच्या अंगणातल्या. फोटो एकच, दोनदा छापला. काय काकू, यमदूत मिरच्यांनाही न्यायला आला होता? आणि त्यांची पूजा कोणी केली?"

सभागृहात हशा पिकला.

"कॅमेरा रंग आकड्यांत लिहितो," ओक्रान म्हणाली, "आणि सोबत चिठ्ठी जोडतो, की आकडे कोणत्या मापाचे. बाबा मोठ्या मापाने फोटो काढतो आणि चिठ्ठी पुसतो. छापणारं यंत्र मग नेहमीचं लहान माप धरतं. मोठ्या डावाने मोजलेलं तिखट कुणी लहान डावाने घातलं, तर कोबीची मुरवलेली किमची कशी होईल?"

"फिकी!" बायका एका सुरात म्हणाल्या.

"तसाच आईचा चेहरा. पूजेनंतर हा आकडे लहान मापात बदलून घेतो, की रंग जागच्या जागी! त्याला संगणकाची एक कळ पुरते."

"शाप लागेल तुला!"

"लागू दे. आधी तुझाच चेहरा छापू. चिठ्ठी पुसून."

प्योबाबा वायरी गुंडाळू लागला. दोन्ही मापं ठाऊक असलेल्या माणसाची ही चूक नव्हतीच. म्हाताऱ्यांच्या भीतीवर तो पोट भरत होता.

"पण मी... तशी दिसत नाही ना गं?" आई पुटपुटली.

ओक्रानने तिचा गाल तळव्यात घेतला. ऊन होता, जिवंत होता. मग तिने पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली. आईने बाबाकडे एकदा पाहिलं, अन् गोळी गिळली.

"फोटो फिका आला तर छापणाऱ्याला जाब विचारा," ओक्रान सगळ्यांना म्हणाली, "आणि जीव घाबरला तर डॉक्टरकडे जा. पण औषध बंद करा म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याच्या चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे केलंस कसं?"